इंग्रजी येतं, मग परीक्षेत अडतं कुठे?

केंब्रिज विद्यापीठाने १९१३ मध्ये परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा पहिल्यांदा घेतली तेव्हा तिला अवघे तीन उमेदवार बसले, आणि तिघेही नापास झाले. परीक्षा एकूण बारा तासांची होती. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर, तिकडून परत इंग्रजीत भाषांतर आणि त्याला जोडून व्याकरण, दोन तासांचा निबंध, तीन तासांचा साहित्याचा पेपर, दीड तासाचा ध्वनिशास्त्राचा पेपर आणि वर श्रुतलेखन, प्रकट वाचन व संभाषण. परदेशातल्या शाळांत इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठी ती आखलेली होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इंग्रजीचं एम. ए. करणाऱ्याला साहित्याचा तो पेपर, डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकणाऱ्याला ध्वनिशास्त्राचा पेपर आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन किंवा फ्रेंच करणाऱ्याला भाषांतराचा पेपर मुळीच परका वाटला नसता. परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या आजच्या आयईएलटीएस परीक्षेत यातलं जवळपास काही उरलेलं नाही. साहित्य नाही, ध्वनिशास्त्र नाही, भाषांतर नाही, व्याकरणाचा वेगळा प्रश्नही नाही. भाषेच्या विद्यार्थ्याने तयारीला बसण्यापूर्वी हा फरक नीट पाहून घ्यावा, कारण त्याचे गुण बहुधा इथेच जातात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभियांत्रिकी, वैद्यक, अर्थशास्त्र असे विषय शिकायला परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि विद्यापीठांचा प्रश्नच बदलला. या मुलाला व्याख्यान कळेल का, पाठ्यपुस्तकाचं प्रकरण वेळेत वाचून होईल का, दोन परिच्छेदांत मुद्दा मांडता येईल का, चर्चेत अनपेक्षित प्रश्न आला तर काही बोलता येईल का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. अमेरिकेची टोफेल १९६४ मध्ये सुरू झाली. ब्रिटिशांची ईएलटीएस १९८० मध्ये आली आणि १९८९ मध्ये तिची आयईएलटीएस झाली. पुढे कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये ए-वन ते सी-टू या पायऱ्या प्रसिद्ध केल्या, त्याही ‘शिकणारा काय करू शकतो’ याच भाषेत लिहिलेल्या आहेत. भाषेविषयी किती माहिती आहे हा प्रश्न मागे पडला आणि भाषेने ठरावीक वेळात काम उरकता येतं का, हा पुढे आला. आपल्या विद्यापीठांतला भाषेचा अभ्यासक्रम मात्र अजूनही बव्हंशी पहिल्या प्रश्नाभोवती फिरतो. म्हणून माझं म्हणणं असं, की भाषेच्या विद्यार्थ्याला इंग्रजी कमी पडतं म्हणून बँड, म्हणजे परीक्षेतला गुणांक, घसरत नाही. पदवीने लावलेल्या वाचण्या-लिहिण्याच्या काही सवयी या परीक्षेत आड येतात म्हणून घसरतो. त्याची तयारी म्हणजे आणखी पाचशे अवघड शब्द पाठ करणं नव्हे. कोणती सवय कुठे नडते ते ओळखून तेवढ्यापुरती ती बाजूला ठेवायला शिकणं, ही त्याची तयारी.

परीक्षेचा सांगाडा थोडक्यात सांगून पुढे जाऊ. आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी आयईएलटीएसची अकॅडमिक परीक्षा देतात, तेव्हा तिचंच उदाहरण घेतो. श्रवण साधारण अर्ध्या तासाचं, चाळीस प्रश्नांचं, ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. वाचन एक तासाचं, तीन उतारे, पुन्हा चाळीस प्रश्न. लेखनही एक तासाचं: पहिल्या भागात आलेख, तक्ता किंवा आकृतीचं किमान १५० शब्दांत वर्णन, दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध, आणि दुसऱ्या भागाचं वजन पहिल्याच्या दुप्पट. मुलाखत अकरा ते चौदा मिनिटांची. चारही भागांना शून्य ते नऊ असे बँड मिळतात. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही चौकट रिकामी सोडायची नाही.

वाचनापासून सुरुवात करतो, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे धोका वाटतच नाही आणि म्हणूनच तो असतो. वर्गात आपल्याला ओळींच्या मधलं वाचायला शिकवलेलं असतं. कवितेत जे म्हटलेलं नाही तेच महत्त्वाचं, हे तीन वर्षं ऐकून मुरलेलं असतं. परीक्षेत एक प्रश्नप्रकार असा येतो, की दिलेलं विधान उताऱ्यानुसार बरोबर, चूक, की उताऱ्यात त्याविषयी काहीच दिलेलं नाही, हे ठरवायचं. समजा, उताऱ्यात लिहिलंय, ‘१९९० नंतर त्या गावात तीन नव्या शाळा निघाल्या आणि दहा वर्षांत पटसंख्या दुप्पट झाली.’ विधान आहे, ‘गावकऱ्यांना शिक्षणाचं महत्त्व पटू लागलं होतं.’ साहित्याचा विद्यार्थी क्षणभरही न थांबता ‘बरोबर’वर टिचकी मारतो. पटसंख्या दुप्पट झाली म्हणजे महत्त्व पटलं असणारच! उत्तर आहे ‘दिलेलं नाही’. पट वाढला तो लोकसंख्या वाढल्यामुळे असेल, मध्यान्ह भोजनामुळे असेल, शेजारच्या गावातली शाळा बंद पडल्यामुळेही असेल. उताऱ्याने कारण सांगितलेलं नाही, आणि परीक्षकाला तुमच्या तर्काची गरज नाही. असे प्रश्न सोडवताना एकच शिस्त पाळावी: उत्तर ज्या शब्दांत आहे त्या शब्दांवर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवायला जागाच सापडली नाही, तर ती उताऱ्यात नाही असं धरून पुढे सरकावं.

दुसरी सवय सगळं वाचण्याची. तीन उताऱ्यांत मिळून दोन-अडीच हजार शब्द असतात, आणि तासाभरात ते वाचून चाळीस उत्तरं द्यायची असतात. पहिल्या उताऱ्यातलं एखादं सुंदर वाक्य दोनदा वाचणाऱ्याला तिसरा उतारा अर्धा सोडावा लागतो. अनोळखी शब्दापाशी अडून बसणं हेही तसंच. पॉल नेशन यांच्या २००६ मधल्या प्रसिद्ध अभ्यासानुसार कोणाच्याही मदतीशिवाय इंग्रजी मजकूर वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुलं (मूळ शब्द आणि त्याची साधित रूपं मिळून एक कुल) लागतात. परीक्षेच्या आधीच्या तीन महिन्यांत कोणी तेवढी मजल मारू शकत नाही. त्याऐवजी अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये तयार केलेली ५७० शब्दकुलांची यादी पाहावी. वेगवेगळ्या विद्याशाखांच्या लेखनात वारंवार येणारे शब्द तिच्यात आहेत, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यातले बरेचसे ओळखीचे निघतील. ओळखीचे असूनही लिहिताना ते हाताशी येतात का, हे तपासण्यापुरती ती यादी वापरावी. चाळीसपैकी साधारण तीस उत्तरं बरोबर आली की वाचनात सात बँडच्या आसपास पोहोचता येतं. म्हणजे दहा प्रश्न चुकण्याची मुभा आहे. ती ध्यानात ठेवून अवघड प्रश्नावर दीड मिनिटापेक्षा जास्त थांबू नये.

आता लेखन. भाषेच्या विद्यार्थ्याला जिथे सर्वांत जास्त गुण मिळायला हवेत तिथेच तो अडतो, म्हणून इथे सविस्तर बोलायला हवं. लेखन तपासण्याचे निकष गुप्त नाहीत. ते अधिकृत संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, आणि तरीही शिकवणीला जाणाऱ्यांतले कितीतरी जण ते वाचत नाहीत. निकष चार आहेत आणि चारांचं वजन सारखं: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं का, मांडणी सुसंगत आहे का, शब्द नेमके आहेत का, व्याकरणात विविधता आणि अचूकपणा आहे का. पहिला निकष भाषेचा नाहीच, विचाराचा आहे. आणि आपल्या निबंधाची घडण शाळेतच वेगळी झालेली असते. ‘विज्ञान: शाप की वरदान?’ या निबंधाने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना एक साचा दिला. सुरुवातीला एखादं सुभाषित किंवा आदिमानवाचा उल्लेख, मग वरदानाचे चार परिच्छेद, शापाचे दोन, आणि शेवटी ‘वापर कसा करायचा ते आपल्या हातात आहे’. शाळेत त्याला गुण पडत असत. इथे परीक्षक पहिल्या दोन वाक्यांतच तुमची भूमिका शोधतो, आणि ती शेवटपर्यंत टिकते का ते पाहतो. शेवटच्या ओळीत दोन्ही बाजूंना खूश करणारा निबंध कितीही घोटीव असला तरी सातच्या वर जाणं कठीण.

एक प्रश्न जवळून पाहू. ‘शहरातली सार्वजनिक वाहतूक मोफत असावी, असं काहींना वाटतं, तोच पैसा सेवा सुधारण्यावर खर्च करावा, असं इतरांना वाटतं. दोन्ही बाजूंची चर्चा करा आणि स्वतःचं मत द्या.’ साहित्याचा विद्यार्थी इथे हमखास चाकाच्या शोधापासून किंवा औद्योगिक क्रांतीपासून निघतो. साठ-सत्तर शब्द खर्ची पडतात आणि प्रश्नाला अजून हातही लागलेला नसतो. त्याऐवजी सुरुवात इतकीच पुरे: मोफत तिकिटाने गरीब प्रवाशाचा फायदा होतो हे खरं, पण गाड्याच कमी असतील तर फायदा कागदावर राहतो, म्हणून पैसा आधी गाड्यांवर खर्च व्हावा. पुढचा परिच्छेद पहिल्या बाजूचा, आणि त्यात एकच मुद्दा पण मुळापासून: प्रवासखर्च हा कमी पगाराच्या माणसाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा खातो, तो वाचला तर दूरची पण बरी नोकरी घेता येते. उदाहरण घरचं चालतं, किंबहुना घरचंच द्यावं. एसटीत २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. ती एका वाक्यात सांगितली तर लंडनच्या भुयारी रेल्वेविषयी ऐकीव काही लिहिण्यापेक्षा उदाहरण जिवंत होतं. मग दुसऱ्या बाजूचा परिच्छेद: तासाला एकच बस येत असेल, तर फुकट तिकीट हातात घेऊन थांब्यावर ताटकळणाऱ्याला काय मिळालं? शेवट दोन वाक्यांत, भूमिका पक्की करून. सगळं मिळून २७०-२८० शब्द. यात एकही अवघड शब्द लागला नाही. पण प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातून निघालं, आणि परीक्षक सुसंगती शोधतो ती हीच.

शब्दांच्या बाबतीत एक गैरसमज फार रुजलेला आहे, की ‘प्लेथोरा’, ‘मिरियड’, ‘पॅनसिया’ असे शब्द पेरले की बँड वाढतो. निकषांत कमी वापरातल्या शब्दांचा उल्लेख आहे, हे खरं. पण त्याच ओळीत असंही आहे, की ते शब्द कोणाशेजारी शोभतात याची जाण दिसली पाहिजे. चुकीच्या सोबतीने आलेला भारी शब्द लिहिणाऱ्याने तो पाठ केलाय, हेच उघड करतो. ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘इन अ नटशेल’ यांची प्रत्येक वाक्याला झालर लावणंही तसंच. जोडशब्दांचा यांत्रिक किंवा अतिरेकी वापर हे खालच्या बँडचं लक्षण म्हणून निकषांत नोंदलेलं आहे. आणि पाठांतराचा तर सरळ हिशेब आहे. संपूर्ण उत्तर घोकून लिहिलंय असं सिद्ध झालं तर शून्य बँड देण्याची तरतूद आहे. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार उत्तरांवर सत्र परीक्षा निघून जातात; या परीक्षेला मात्र तीच वही सर्वांत घातक. पाठ केलेल्या दोन वाक्यांनंतर स्वतःचं एक वाक्य आलं, की शैलीतली फट अनुभवी परीक्षकाला लांबूनही दिसते.

आलेखाच्या प्रश्नाला भाषेचे विद्यार्थी घाबरतात, आणि ती भीती विनाकारण आहे. गणित नको असतं. सगळ्या आकड्यांची जंत्रीही नको असते. दोन-तीन ठळक गोष्टी निवडून आधी एका छोट्या परिच्छेदात सांगायच्या (काय वाढलं, काय घटलं, कोण सगळ्यांच्या पुढे) आणि मग निवडक आकडे देऊन त्यांना आधार द्यायचा. हा आढावा नसेल तर बाकीचं वर्णन कितीही अचूक असो, बँड अडकतो. आलेखात नसलेली कारणं सांगायची नाहीत. वाचनातली तर्काची खोड इथेही डोकं वर काढते. याला वीस मिनिटं, निबंधाला चाळीस, ही वाटणी मोडू नये.

सराव कसा करावा याबाबत माझं मत बहुतेक शिकवण्यांपेक्षा वेगळं आहे. आठवड्याला दहा निबंध लिहिण्यापेक्षा दोन लिहावेत आणि प्रत्येक तीनदा लिहावा. पहिल्यांदा घड्याळ लावून. दुसऱ्यांदा वेळेचं बंधन न ठेवता, चारही निकष शेजारी ठेवून, प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य आणि त्याचा आधार तपासत. तिसऱ्यांदा पुन्हा घड्याळ लावून, पण आधीचा कागद न बघता. नवीन विषयावर नवीन निबंध लिहिला की त्याच चुका नव्या कपड्यांत येतात; जुनाच निबंध पुन्हा लिहिताना त्या उघड्या पडतात. चुकांची वही ठेवावी, आणि तीत मराठी भाषकांच्या ठरलेल्या जागांना वेगळं पान द्यावं. ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ ही मराठीत नसलेली उपपदं नियम पाठ असूनही घाईत गळतात. ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’ अशी जादा शब्दांची जोड लागते. जुन्या वर्षांच्या आलेखाचं वर्णन करताना काळ मध्येच वर्तमानात घसरतो. एका वाक्यात चार उपवाक्यं गुंफायची मराठी गद्याची सवय इंग्रजीत स्वल्पविरामांची साखळी तयार करते. व्याकरण शिकलेल्या माणसाला या चुका दाखवल्या तर तो ताबडतोब ओळखतो. अडचण ज्ञानाची नसून वेगाची आहे, म्हणून शेवटची चार मिनिटं फक्त या पानावरच्या चुका शोधायला राखावीत. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरायची असतील तर लिहून झाल्यावर, चुकांवर खूण करून घेण्यापुरती. निबंध लिहून मागितला तर हाती पुन्हा पाठांतराचाच माल येतो, आणि ती साधनं देतात त्या अंदाजी बँडवर भिस्त ठेवू नये.

टंकलेखनाचं भान फार कमी जणांना असतं. तीन-तीन तास हाताने पुरवण्या भरायची आपल्याला सवय, पण आता बहुतेक जण ही परीक्षा संगणकावर देतात. आपल्या सरकारी टंकलेखन परीक्षेचा मिनिटाला तीस शब्दांचा वेग गाठलेला असेल तर चारशे शब्द टंकायला चौदा मिनिटंही लागत नाहीत, म्हणजे विचाराला भरपूर वेळ उरतो. दोन बोटांनी टंकणाऱ्याचा तोच वेळ दुप्पट-तिप्पट होतो. महिनाभर रोज वीस मिनिटं यासाठी काढली, तर ती कोणत्याही शब्दयादीपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

मुलाखतीत आपली मुलं उच्चाराला भितात, आणि चुकीच्या कारणासाठी भितात. ब्रिटिश किंवा अमेरिकन हेल काढण्याची अपेक्षा निकषांत कुठेही नाही. बोलणं सहज समजावं, एवढीच आहे. नक्कल केलेला हेल मध्येच सुटतो आणि बोलण्यात अडथळे येतात, त्याने नुकसानच होतं. लक्ष द्यायचं ते आघातावर. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर; मराठीत आघात असा जागा बदलत नाही, म्हणून आपण सगळे अवयव सारख्या वजनाने उच्चारतो आणि ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला वेळ लागतो. भाषाविज्ञान शिकणाऱ्यांनी हे वर्गात लिहिलेलं असतं, आता तोंडाने करायचं. बीबीसीची रीथ व्याख्यानं १९४८ पासूनची आहेत, त्यांतल्या कित्येकांचं ध्वनिमुद्रण आणि संहिता दोन्ही मिळतात. एक मिनिटाचा तुकडा निवडावा, संहितेवर आघाताच्या खुणा कराव्यात, वक्त्यामागोमाग बोलावं, स्वतःचं मुद्रण करून ताडून पाहावं. मुलाखतीच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत सलग बोलणं असतं. ते पाठ करून निभावता येईल असं वाटतं, पण लगेच तिसऱ्या भागात परीक्षक त्याच विषयावरून ‘का’, ‘पूर्वी असं होतं का’, ‘पुढे काय होईल’ असे प्रश्न विचारतो, आणि घोकंपट्टी तिथे उघडी पडते. घरात मित्राला समोर बसवून फक्त तिसऱ्या भागाचे प्रश्न विचारायला सांगावेत. मत नसेल तर बनवून द्यावं. मताचा खरेपणा कोणी तपासत नाही.

श्रवणाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. व्याख्यानाचे भाग भाषेच्या विद्यार्थ्याला सहसा जमतात. गुण जातात ते सुरुवातीच्या सोप्या भागात, फोन नंबर, पत्ते आणि नावांच्या स्पेलिंगवर. शून्याला ‘ओ’ म्हणतात, ‘डबल फोर’ म्हणतात, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरक आघातावरून कळतो. दोनच शब्दांत उत्तर द्या म्हटलं असताना तीन लिहिले तर उत्तर चूक धरतात.

‘ही परीक्षा भाषेला यंत्रात घालते. रूपक, लय, संदिग्धता यांचं मोल कळणाऱ्या विद्यार्थ्याला असल्या मापाने मोजणं म्हणजे भाषेचाच अपमान आहे,’ असा आक्षेप मनापासून घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. साहित्याची जाण ही परीक्षा मोजत नाही. मोजण्याचा दावाही करत नाही. पण ती जे मागते, म्हणजे आधी भूमिका, मग कारण, मग उदाहरण, आणि मजकुरात नसलेलं त्याच्या तोंडी घालायचं नाही, तेच एडिंबरा किंवा लीड्सच्या साहित्य विभागातल्या पहिल्या शोधनिबंधातही मागितलं जातं. तिथले प्राध्यापक रसग्रहणाला नाही म्हणत नाहीत, पण पुराव्याशिवाय केलेल्या रसग्रहणाला खालचे गुण देतात. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: ‘आमची पदवीच इंग्रजी माध्यमातून झाली, मग परीक्षा कशाला?’ काही विद्यापीठं माध्यमाचं प्रमाणपत्र किंवा बारावीचे इंग्रजीचे गुण खरोखरच चालवून घेतात, तेव्हा परीक्षेचं शुल्क भरण्यापूर्वी हव्या त्या अभ्यासक्रमाच्या पानावर ते नक्की पाहावं. मात्र साहित्य, भाषाविज्ञान, कायदा, पत्रकारिता अशा शब्दांवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांची इंग्रजीची अट इतर विषयांपेक्षा बहुधा वरची असते, आणि सूट मिळेलच असं धरून बसलेल्याला अर्जाची मुदत गाठताना धावपळ होते. तिसरा आक्षेप शिकवणीवाल्यांचा: ‘एका महिन्यात सात बँड मिळवून देतो, एवढा विचार कशाला?’ ज्याचं इंग्रजी आधीच सातच्या पातळीचं आहे आणि फक्त परीक्षेचा सांगाडा अनोळखी आहे, त्याला महिना पुरतो, हे मान्य. पण मग त्यात शिकवणीचं श्रेय किती? लिहिण्याची सवय ज्याला बदलायची आहे त्याला सत्राच्या अभ्यासाबरोबर तीन-चार महिने लागतात, कारण तीच सवय सोमवारी वर्गात पुन्हा पक्की होत असते. त्यावर उपायही वर्गातच आहे: सत्रात लिहावे लागणारे दोन-तीन निबंध याच मापाने लिहून पाहावेत, भूमिका पहिल्या परिच्छेदात ठेवून आणि टीकाकारांच्या अवतरणांऐवजी मूळ संहितेतले दाखले देऊन. प्राध्यापक त्याला कमी गुण देतील, अशी शक्यता थोडीच.

सुरुवात केव्हा करायची, याचं उत्तर अर्जाच्या मुदतीपासून मागे मोजत यावं. तयारीच्या पहिल्याच दिवशी केंब्रिजने काढलेल्या सरावपरीक्षांच्या क्रमांकित पुस्तकांतली एक प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून सोडवावी, म्हणजे कोणता भाग खाली आहे ते कळतं. मात्र सगळी पुस्तकं पहिल्या महिन्यात संपवू नयेत, शेवटच्या पंधरवड्यासाठी तीन-चार संच कोरे ठेवावेत. बेरजेकडेही नीट पाहावं. श्रवण साडेसात, वाचन सात, मुलाखत साडेसहा आणि लेखन सहा आले तर सरासरी पावणेसात येते आणि नियमाप्रमाणे एकूण बँड सात धरला जातो. सात मिळाले म्हणून पेढे वाटले जातात, आणि नंतर कळतं की त्या विद्यापीठाची अट ‘एकूण सात, पण कुठल्याही भागात साडेसहापेक्षा कमी नको’ अशी होती. म्हणून वाचनात सातचे साडेसात करण्यापेक्षा लेखनात सहाचे साडेसहा करण्यावर वेळ घालवणं जास्त किफायतीचं. एवढं करूनही एकच भाग मागे पडला, तर संगणकावर परीक्षा दिलेल्यांना साठ दिवसांच्या आत तेवढाच भाग पुन्हा देता येतो, फक्त निवडलेलं विद्यापीठ असा निकाल स्वीकारतं का ते आधी विचारावं. फेरतपासणीही मागता येते. तिची मुदत सहा आठवड्यांची आहे आणि बँड बदलला तर तिचं शुल्क परत मिळतं. लेखन किंवा मुलाखतीचा बँड सरावातल्या पातळीपेक्षा एकाने खाली आला असेल तर ती मागण्यात अर्थ आहे. श्रवण-वाचनात उत्तरं ठरलेली असल्याने तिथे फरक पडण्याची शक्यता फार कमी, त्यासाठी पैसे घालू नयेत.